नदीने तोंड फिरवलं, मासा आतच राहिला

म्हापशाला शुक्रवारचा बाजार भरतो तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत माझी भाची मुक्ता मासळीच्या एका टोपलीसमोर उकिडवी बसली आणि उठायलाच तयार होईना. टोपलीत पंज्याएवढे, ताटलीसारखे चपटे मासे होते. रंग हिरवट करडा, अंगावर मोत्यांसारखे बारीक ठिपके आणि वरून खाली उतरलेले काळसर पट्टे. गोव्यात याला काळुंदर म्हणतात. केरळात हाच करिमीन. तिथे त्याचा मान इतका मोठा की २०१० साली त्याला राज्याचा मासा ठरवलं गेलं.

"मावशी, हा मासा कुठचा?" मुक्ताने मासळीवालीला विचारलं.

"खंयचें म्हूण कितें? मानशीचें नुस्तें, बाय!"

नुस्तें म्हणजे मासळी, आणि मानस म्हणजे खाजन शेताच्या बांधाला बसवलेलं लाकडी दार. भरतीचं पाणी त्यातून आत येतं, ओहोटीला बाहेर पडतं आणि त्या पाण्याबरोबर जाळ्यात मासे सापडतात. उत्तर अगदी बरोबर होतं. पण मुक्ताचं समाधान झालं नाही. घरी येताना वाटेभर तिचं चालूच. "मानशीत नदीतून आला. मग नदीत कुठून आला? सगळ्यात आधी कुठून आला?"

मी सहज म्हणालो, "याचे भारताबाहेरचे सगळ्यात जवळचे भाऊबंद मादागास्करला असतात."

पिशवीतल्या माशांकडे तिने असं काही पाहिलं की जणू त्यांनी पासपोर्ट लपवला होता. तिने नकाशा काढला. केरळचा किनारा ते मादागास्कर, मध्ये जवळजवळ चार हजार किलोमीटर समुद्र. "हे एवढं पोहून?" तिने विचारलं. तिथून जी गप्प बसली नाही, त्यातूनच हा लेख झाला.

नदीतल्या माशाची पंचाईत फार मोठी असते. पक्षी उडून जातो. शेळी घाट चढून पलीकडच्या खोऱ्यात उतरते. गवताचं बीसुद्धा गाईच्या पोटात बसून दुसऱ्या गावाला जातं. मासा कुठे जाणार? नदीच्या वरच्या अंगाला डोंगर, खालच्या अंगाला खारा समुद्र. ज्याला खारं पाणी सोसत नाही, त्याला आपली नदी म्हणजे चारही बाजूंनी बंद डबाच. आणि तरीही डोंगराच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या नदीत कधीकधी तोच मासा सापडतो. कसा काय?

कधी उत्तर सोपं असतं, कारण मासा माणसाने नेलेला असतो. उजनी धरणाची चिलापी तुम्ही खाल्ली असेल. ती मूळची आफ्रिकेची. तिची एक जात १९५२ साली मुद्दाम भारतात आणली गेली आणि मग तिने एकेक तळं पटकावलं. चिलापी आज कुठे आहे यावरून नद्यांचा इतिहास कळत नाही, आपला कळतो.

कधी मासा पाहुण्याच्या पोटात बसून जातो. हसू नका. हंगेरीत शास्त्रज्ञांनी बदकांना कार्प जातीच्या माशांची आठ हजार अंडी खाऊ घातली आणि मग बदकांच्या मागे मागे फिरून त्यांची शी तपासली. (विज्ञानात अशीही कामं असतात, मोठेपणी निवड करताना लक्षात असू द्या.) १८ अंडी शाबूत बाहेर पडली आणि त्यातल्या तिनांतून खरोखर पिल्लं निघाली. २०२० साली हे छापून आलं. आठ हजारांतली तीन म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण बदकं पुष्कळ आणि वर्षंही पुष्कळ.

मला मात्र सगळ्यात आवडतं ते तिसरं उत्तर. मासा कुठे गेलाच नाही, पाणीच गेलं. कधीतरी त्या दोन नद्या एकच होत्या. पण हे सिद्ध कसं करायचं? लाखो वर्षांपूर्वी नदी कुठून वाहत होती हे सांगायला कोण शिल्लक आहे?

मासा आहे. पण त्याची साक्ष घ्यायची तर आधी एका वर्गात जाऊ या, जिथे सगळ्यांनी एकमेकांच्या वह्या बघून गृहपाठ उतरवला आहे.

फळ्यावर वाक्य होतं, 'आजीने अंगणात तुळस लावली.' समीरने घाईत लिहिलं, 'आजीने अंगणात तुळस लाजली.' समीरची वही बघून गौरीने उतरवलं, तिचीही तुळस लाजली. गौरीची वही बघून रेहानने लिहिलं, 'आजीने अंगठात तुळस लाजली.' दुसऱ्या बाकावर आदितीने फळ्यावरून लिहिताना 'तुळस'ची 'तुकस' केली होती, पण तिची 'लावली' ठीक होती. बाईंनी वह्या गोळा केल्या आणि पाच मिनिटांत कोणी कोणाची नक्कल केली ते सांगितलं. कसं? बरोबर लिहिलेल्या शब्दांवरून काहीच कळत नाही, ते सगळ्यांचे सारखे असतात. चूक बोलते. 'लाजली' जिथे जिथे आहे ती वही समीरच्या घराण्यातली.

प्रत्येक जिवाच्या पेशीत अशी एक वही असते, तिचं नाव डीएनए. तिच्यात अक्षरं चारच, ए, टी, जी आणि सी. आईबाबांकडून पिल्लाकडे जाताना ती उतरवली जाते आणि क्वचित एखादं अक्षर चुकतं. ते चुकलेलं अक्षर मग पुढच्या सगळ्या पिढ्यांत उतरतं. माशांच्या बाबतीत शास्त्रज्ञ बऱ्याचदा या वहीचं एक छोटं पान वापरतात. पेशीतल्या तंतुकणिका तुम्हाला पुस्तकातून माहीत आहेत, त्यांचा स्वतःचा वेगळा डीएनए असतो. माशांमध्ये तो साधारण साडेसोळा हजार अक्षरांचा आणि तो फक्त आईकडून येतो. म्हणजे आईची आई, तिची आई, तिची आई असा सरळ धागा पकडून मागे जाता येतं. बाबांकडच्यांची सरमिसळ नाही.

मासा मारावा लागतो का? नेहमी नाही. पराचा नखाएवढा तुकडा कापून अल्कोहोलच्या कुपीत टाकला तरी काम भागतं. मग पीसीआर, हो, तेच ते, करोनाच्या दिवसांत नाकात काडी घालून करायचे त्यातलंच. या तंत्राने डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या कोट्यवधी प्रती काढायच्या, आणि त्यातली अक्षरं वाचायची. मग दोन नद्यांतल्या माशांच्या वह्या शेजारी ठेवून चुका मोजायच्या.

आता न्यूझीलंडला जाऊ. तिथल्या दक्षिण बेटावर नेव्हिस नावाची नदी आहे. ती उत्तरेकडे वाहते, कावारौ नदीला मिळते आणि कावारौ पुढे क्लुथा या मोठ्या नदीत जाते. नेव्हिसमध्ये बोटाएवढा एक मासा राहतो. त्याच्या अंगावर खवले नाहीत. त्याच्या कुळाचं नाव गॅलॅक्सियस, कारण काहींच्या अंगावर आकाशगंगेसारखे ठिपके असतात. याच्या एका भाऊबंदाला १९९९ साली 'गॅलॅक्सियस गोल्लुमॉइडिस' असं नाव दिलं गेलं. टॉल्कीनच्या कादंबरीतला तो अंधारात राहणारा, मोठ्या डोळ्यांचा गोल्लुम आठवतो ना? त्याच्यावरून. गॅलॅक्सियसच्या काही जाती लहानपणी समुद्राची सफर करून परत येतात. हा मासा करत नाही. जिथे जन्मला त्याच प्रवाहात म्हातारा होतो. आपल्या कामाला असाच घरकोंबडा साक्षीदार हवा.

ओटागो विद्यापीठातल्या जॉनथन वॉटर्स आणि त्यांच्या साथीदारांनी नेव्हिसमधल्या या माशांची वही उघडली. नेव्हिसचं पाणी क्लुथात जातं, तेव्हा माशाच्या चुकाही क्लुथातल्या माशांसारख्या असायला हव्या होत्या. तशा त्या नव्हत्या. नेव्हिसच्या वहीत 'लाजली' निघाली, आणि ती 'लाजली' क्लुथाच्या नव्हे तर डोंगराच्या पलीकडे, दक्षिणेला साऊथलंडमधल्या नद्यांच्या माशांची होती! त्या नद्यांशी नेव्हिसचा आज थेंबाचाही संबंध नाही. मध्ये डोंगर उभा आहे.

इथे भूगर्भशास्त्रज्ञांची गाठ पडली. नेव्हिसच्या खोऱ्यातले जुने गोटे आणि वाळूचे थर बघून त्यांच्या आधीच लक्षात आलं होतं की ही नदी एकेकाळी उलटी, म्हणजे दक्षिणेकडे वाहत होती. मग जमीन भेगेच्या कडेने वर उचलली जात राहिली, दक्षिणेची वाट डोंगराने बुजवली, आणि नदीने तोंड फिरवलं. ती उत्तरेला निघाली. दगडांनी एक गोष्ट सांगितली आणि माशाच्या रक्ताने, दगडांना न विचारता, तीच. २००१ साली वॉटर्स आणि साथीदारांनी हा शोध प्रसिद्ध केला. चुकांची संख्या मोजून त्यांनी नदी कधी उलटली याचा अंदाजही काढला, काही लाख वर्षांपूर्वी.

मला या गोष्टीतलं सगळ्यात काय आवडतं सांगू? माशांना यातलं काहीही कळलं नसणार. डोंगर वर्षाला नखभर वर येत होता. एखाद्या माशाच्या आयुष्यात नदी कालही तीच होती आणि आजही तीच. घर तेच राहिलं, घराचा पत्ता बदलला.

आता आपल्याकडे या. १९४० च्या दशकात सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञाला असंच एक कोडं पडलं होतं. ते पुढे भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे संचालक झाले. जोराच्या प्रवाहात दगडाला चिकटून राहणाऱ्या माशांचा त्यांना भारी नाद. पोट चपटं, पर पसरट, असा मासा धबधब्याखालीसुद्धा खडकावर बसून राहतो. पूर्व हिमालयात असे मासे आहेत आणि केरळ-कर्नाटकाच्या घाटांतही त्यांचे नातेवाईक आहेत. मधल्या पठारावर, जिथे नद्या संथ आणि कोमट, तिथे नाहीत. होरांनी सुचवलं की विंध्य-सातपुड्याची रांग कधीतरी उंच आणि ओली असणार. तिच्यावरून ओढ्याओढ्यांनी हे मासे पश्चिमेला आले आणि तिथून सह्याद्रीने खाली उतरले. याला सातपुडा सिद्धान्त म्हणतात, आणि १९४९ साली त्याच्यावर खास परिषदही भरली होती. होरांकडे डीएनए वाचायचं यंत्र नव्हतं. त्यांच्याकडे होतं भिंग, बाटल्या आणि भरपूर पायपीट. आज वह्या उघडल्यावर दिसतं की वेगवेगळ्या माशांची घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवतात, सगळ्यांना एका पुलावर, एका वेळी चढवता येत नाही. होरांचं उत्तर अपुरं पडलं. प्रश्न मात्र त्यांनी असा नेमका विचारला होता की आजचे लोकही तिथूनच सुरुवात करतात. होरांना विसरू नका, शेवटी ते पुन्हा भेटणार आहेत.

मुक्ताने मला आठवण करून दिली, "काळुंदर राहिला."

राहिला नाही, मुद्दाम मागे ठेवला. कारण तिथे भांडण आहे.

काळुंदर सिक्लिड नावाच्या मोठ्या कुळातला. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेत या कुळाच्या शेकड्याने जाती. मादागास्करमध्ये काही. आणि अख्ख्या भारतात मूळच्या फक्त तीन. (उजनीची चिलापीही याच कुळातली, पण ती पाहुणी.) जनुकं वाचून वंशावळ मांडली तेव्हा या तिघांच्या शेजारी आफ्रिकेचा कोणी बसला नाही. बसला मादागास्करचा पारेट्रोप्लस, ज्याच्या जातींना तिथले लोक दाम्बा म्हणतात. त्यातल्या एकाचं नाव 'मेनाराम्बो', म्हणजे तांबड्या शेपटीचा. म्हापशाच्या टोपलीतला काळुंदर उजनीच्या चिलापीपेक्षा मादागास्करच्या दाम्बाला जवळचा! इथपर्यंत सगळ्यांचं एकमत आहे.

भांडण कशावरून? वेळेवरून. कोट्यवधी वर्षांपूर्वी भारत आणि मादागास्कर एकमेकांना चिकटलेले होते. साधारण ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी ते फाटले आणि भारत एखाद्या तराफ्यासारखा उत्तरेला निघाला. काही शास्त्रज्ञ म्हणतात, काळुंदर आणि दाम्बा यांचे पूर्वज त्या जोडलेल्या जमिनीवरच्या नद्यांत होते. जमीन फाटली, घराणं फाटलं. नेव्हिसची गोष्ट, फक्त नदीऐवजी अख्खा खंड सरकला. हे खरं असेल तर विचार करा, भारताच्या तराफ्यावर बसलेल्या या घराण्याने आपल्या दख्खनचा लाव्हाही पाहिला असणार! आपले सह्याद्रीचे काळे कडे ज्या लाव्ह्याचे झाले तो ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहत होता. डायनोसॉर संपले, आणि काळुंदरची पणजी कुठल्यातरी कोपऱ्यातल्या नदीत पिल्लांवर पहारा देत राहिली. (हे मासे खरंच पहारा देतात, आई आणि बाबा दोघंही.)

दुसरी बाजू म्हणते, थांबा. सिक्लिडचा सगळ्यात जुना जीवाश्म टांझानियात माहेंगेला सापडला, तो साधारण ४ कोटी ६० लाख वर्षांचा. म्हणजे जमीन फाटल्यानंतर चार कोटी वर्षांनी. हे कूळ इतकं जुनं असेल तर मधल्या काळातली हाडं कुठे गेली? २०१३ साली काही शास्त्रज्ञांनी जीवाश्म आणि जनुकं एकत्र मांडून हिशेब केला, तर त्यांच्या घड्याळात अख्खं सिक्लिड कुळच साडेसहा कोटी वर्षांच्या आतलं निघालं. तेव्हा तर भारत केव्हाच निघून गेला होता! त्याआधी, २००८ साली, जपानी शास्त्रज्ञांनी तंतुकणिकांचा पूर्ण डीएनए वाचून नेमका उलटा हिशेब दिला होता, की कूळ जुनं आहे आणि खंडांबरोबरच फाटलं.

दोघंही हुशार, दोघांकडेही वही तीच. मग उत्तर वेगळं का? कारण वहीतल्या चुका मोजणं सोपं, पण एक चूक व्हायला किती वर्षं लागतात हे ठरवणं अवघड. समीर दिवसाला एक चूक करतो की आठवड्याला एक? ते ठाऊक असल्याशिवाय दहा चुका म्हणजे दहा दिवस की दहा आठवडे, सांगणार कसं? म्हणून घड्याळ लावायला जीवाश्म लागतात, आणि कोणता जीवाश्म धरायचा, यावर सगळं अडतं.

आणि बाजारातल्या मावशीचं उत्तर आठवतं का? खाजनातलं पाणी मचूळ असतं. काळुंदर थोडं खारं पाणी सहज सोसतो! म्हणजे आमचा हा साक्षीदार घरकोंबडा नाही. त्याच्या पूर्वजांनी किनाऱ्या-किनाऱ्याने किंवा मधल्या बेटांवरून समुद्र ओलांडलाच नसेल, असं छातीठोकपणे कोण सांगेल? मला विचाराल तर माझं मन तराफ्याच्या बाजूने आहे. पण ते त्या लाव्ह्याच्या गोष्टीमुळे, पुराव्यामुळे नव्हे. मुक्ता दुसऱ्या बाजूला आहे. तिचं म्हणणं, "पोहता येतं तर पोहणारच ना, मामा!"

आता होरा पुन्हा. केरळात जांभ्या दगडाच्या पोटात पाणी साठलेलं असतं. (कोकणातली घरं ज्या तांबड्या, भोकाभोकांच्या दगडाची असतात, तोच जांभा.) त्या काळोख्या पाण्यात बोटाच्या दोन पेरांएवढा मासा राहतो. डोळे नाहीत, अंगाला रंग नाही, आतलं रक्त दिसतं म्हणून गुलाबी. विहीर उपसताना किंवा नळाला पाणी आल्यावर तो कधीतरी बाहेर येतो. १९५० साली त्याला पहिल्यांदा नाव मिळालं, होराग्लॅनिस, म्हणजे होरांचा मार्जारमीन. नंतर त्याच्या आणखी जाती कळल्या. चौथी २०२३ साली. ती शोधायला शास्त्रज्ञांनी गावोगावच्या लोकांची मदत घेतली होती. कोणी बादलीतला मासा बाटलीत जपून ठेवला, कोणी फोटो काढून पाठवला. म्हणून तिचं नाव ठेवलं 'पॉप्युली', लोकांची. या जाती दिसायला इतक्या सारख्या की नुसत्या डोळ्यांनी फसगतच होईल. वही उघडल्यावर कळतं की त्या आतून कधीच्या वेगळ्या झाल्या आहेत. म्हणजे जमिनीखालच्या पाण्यालाही त्याची खोरी आहेत, त्याचे डोंगर आहेत, फक्त ते वरून दिसत नाहीत.

हे वाचल्यापासून मी कोकणात गेलो की विहिरीवरचा पोहरा ओतण्याआधी आत डोकावून बघतो. जांभा तर आमच्याकडेही आहे. आजवर एक बेडूक आणि काकूचा हरवलेला तांब्या, एवढंच निघालंय.